अर्धा फेज

आंबिया बहाराचा ताण जानेवारीत तोडतात. महिना-दीड महिना कोरड्या ठेवलेल्या संत्र्याला तेव्हा पाणी हवंच असतं आणि नेमकी तेव्हाच बोअरमधली मोटर उठत नाही. वरूडकडच्या अशाच एका शेतात मी मिस्त्रीमागे उभा होतो. स्टार्टर बंद. मेन स्विचवर त्यानं मल्टिमीटरचे प्रोब टेकवले. पहिला फेज २३२, दुसरा २२९, तिसरा ९४.

“म्हणजे अर्धा फेज येऊन राह्यला का भाऊ?” शेतकऱ्यानं विचारलं.

मिस्त्रीनं पिशवीतून होल्डरला लावलेला २०० वॅटचा बल्ब काढून तिसऱ्या फेजला आणि न्यूट्रलला जोडला. बल्ब पेटला नाही आणि मीटरवरचे ९४ व्होल्ट शून्यावर आले.

“काहीच नाही त्यात. डीपीवर पाहा लागते.”

९४ हा आकडा मीटरनं मनचा काढला नव्हता. चांगल्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. तो तारेतून करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून नाजूक सर्किटमध्येही मोजमाप बिघडत नाही. पण याच गुणामुळे शेजारच्या जिवंत तारांनी तुटलेल्या तारेत उतरवलेला पोकळ दाबही त्याला दिसतो. बल्बला पाऊण अँपियरहून जास्त करंट लागतो, तिथं तो दाब टिकत नाही.

आकडा बनतो कसा, हे तर मला फार सुंदर वाटतं. एसी दाब आधी डीसी करून घेतात. मग बऱ्याच मीटरमध्ये मोजायचा दाब ठरावीक वेळ एका कपॅसिटरला चार्ज करतो. नंतर माहीत असलेल्या दाबानं तो उतरवायचा आणि उतरायला लागलेला वेळ घड्याळाच्या ठोक्यांनी मोजायचा. कपॅसिटर जुना झाला, घड्याळ किंचित हळू चाललं, तरी चढताना आणि उतरताना चूक सारखीच होते आणि कटून जाते. चढण्याचा वेळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला, की ५० हर्ट्झची घरघरही आकड्यातून निघून जाते.

लाइनमननं डीपीवरचा उडालेला फ्यूज बांधला. तिसरा फेज २३१, बल्ब लख्ख. तरी मिस्त्रीनं स्टार्टर दाबला नाही. शेतकऱ्यानं सकाळपासून दोन फेजवर बटण दाबून पाहिलं होतं. वाइंडिंग जळली असेल तर?

अकोल्यात मोटर भरायच्या एका दुकानात मी ही तपासणी पाहिली होती. मेन स्विच पाडायचा, मोटरच्या तारा सोडवायच्या. आधी प्रोब एकमेकांना टेकवायचे, ०.३ ओहम आले तर तेवढे पुढं वजा करायचे. मग तीन तारांच्या तीन जोड्या मोजायच्या. इथं मिस्त्रीनंही तेच केलं, तर ५.४, ५.४, ५.३ आले. काट्याच्या मीटरवर एवढा बारीक फरक वाचायला डोळे ताणावे लागतात.

आकडे सारखे आले, तरी त्यानं मेगर काढलाच. ओहम मोजताना मल्टिमीटर जेमतेम काही व्होल्ट देतो. तेवढ्यानं पाण्यात बुडालेल्या मोटरचं इन्सुलेशन कळत नाही. मेगर ५०० व्होल्ट देतो. तोही ठीक आला, तेव्हा कुठं त्यानं शेतकऱ्याला म्हटलं, “आता दाबा, दादा.”