काचेपेक्षा हवा वेगवान

प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, हे आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. पण हा वेग निर्वात पोकळीतला. ऑप्टिकल फायबरच्या काचेत शिरला की तोच प्रकाश जेमतेम दोन लाखांवर येतो. हवेत मात्र त्याची गती जवळजवळ कमी होतच नाही, आणि रेडिओलहरी हे प्रकाशाचंच भावंड असल्यामुळे त्याही हवेतून तितक्याच वेगाने जातात. एवढ्या एका गोष्टीने अमेरिकेत कोट्यवधी डॉलरची गणितं उलटीपालटी केली.

शिकागोजवळ ऑरोरा इथे वायदेबाजाराचं डेटा सेंटर आहे आणि न्यू जर्सीत कार्टरेटला नॅसडॅक शेअर बाजाराचं. मधलं सरळ अंतर सुमारे 1,180 किलोमीटर. शिकागोत वायद्याचा भाव हलला की न्यू जर्सीत शेअरचे भावही हलतात. ही खबर ज्याच्या संगणकाला आधी लागेल, त्याचा सौदा आधी. म्हणून 2010 मध्ये स्प्रेड नेटवर्क्स या कंपनीने डोंगर फोडून, शक्य तितकी सरळ अशी फायबर केबल टाकली. खर्च सुमारे 30 कोटी डॉलर. निरोप जाऊन परत यायला 13 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे तेरा हजारांश.

आणि दोनेक वर्षांतच मायक्रोवेव्ह, म्हणजे आखूड रेडिओलहरी, वापरणाऱ्यांनी हीच फेरी नऊ मिलिसेकंदांच्या आसपास आणली! त्यांनी खोदलं काहीच नाही. वाटेत टॉवर गाठले आणि एकमेकांकडे तोंड करून डिश बसवल्या. निसर्गाची मर्यादा या अंतरासाठी 7.9 मिलिसेकंदांची आहे. माणूस तिच्या इतक्या जवळ पोहोचला, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

हे दिसतं तितकं सोपं नाही. 11 गिगाहर्ट्‌झवर तीन मीटरच्या डिशमधून निघणारा झोत अर्ध्या अंशाहून थोडासाच रुंद असतो. पौर्णिमेचा चंद्र आकाशात दिसतो साधारण तेवढा. वाऱ्याने टॉवर जरा डोलला तरी नेम ढळतो. त्यातही ही लहर म्हणजे बारीक दोरा नव्हे. दोन टॉवरमध्ये 50 किलोमीटर अंतर असेल, तर मध्यावर तिला 37 मीटर जाडीची मोकळी वाट लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांच्या नावाने ही वाट ओळखली जाते. समोरची डिश दुर्बिणीतून स्वच्छ दिसत असली, तरी वाटेतली झाडं या जागेत घुसली की सिग्नल खालावतो. शिवाय पृथ्वी गोल! 50 किलोमीटरांच्या मध्यावर तिचा फुगवटा जवळजवळ 50 मीटर भरतो. हवेचे थर लहरींना किंचित खाली वाकवतात म्हणून थोडं निभावतं. तरी टॉवर उंचच लागतात आणि टप्प्याटप्प्याने उभारावे लागतात.

दोन कारखाने किंवा ऑफिस आणि गोदाम जोडायलाही अशीच समोरासमोरच्या दोन डिशची, म्हणजे पॉइंट-टू-पॉइंट, लिंक वापरतात. गच्चीवर डिश लावली की रस्ता खोदायची परवानगी नको आणि जेसीबीने केबल तोडायची धास्तीही नको. मात्र फ्रिक्वेन्सी निवडताना पाऊस विसरून चालत नाही. 80 गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी चार मिलिमीटरांहून कमी, म्हणजे पावसाच्या थेंबाच्याच मापाची. अशी लहर मुसळधार सरीत थेंबाथेंबात शोषली जाते, विखुरते. कोकणातल्या आषाढात ती काही किलोमीटरांतच हात टेकते. 5 गिगाहर्ट्‌झची लांब लहर त्याच पावसातून फारशी न अडखळता जाते, पण तिच्यात माहिती कमी मावते.

माहिती किती मावते, या बाबतीत फायबरला आजही तोड नाही, आणि तिला पावसाची भीतीही नाही. शेअर बाजाराला मात्र हवे होते मोजके आकडे, सर्वांत आधी. सुमारे 30 कोटी डॉलर ओतून उभी राहिलेली स्प्रेड नेटवर्क्स 2017 मध्ये 12.7 कोटी डॉलरला विकायचं ठरलं.