ही ओळ माझीच ना?

दोस्तांनो, खरं सांगा हं! नेटवरून 'कॉपी-पेस्ट' केलं, की दहा मिनिटांत प्रोजेक्ट तयार, होय ना?

मग हेलन केलरची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या या अंध, बहिऱ्या मुलीने १८९१ साली, अकराव्या वर्षी 'द फ्रॉस्ट किंग' ही कथा लिहून अंधशाळेच्या प्रमुखांना वाढदिवसाची भेट दिली. कथा छापून आली अन् गडबड उडाली. मार्गारेट कॅन्बी यांची तशीच कथा आधीच प्रसिद्ध होती! १८८८ मध्ये ती कुणीतरी हेलनच्या हातावर बोटांनी अक्षरं काढून 'वाचून' दाखवली होती. हेलन ते साफ विसरली होती. आठ जणांपुढे चौकशी झाली. चार विरुद्ध चार! प्रमुखांनी तिच्या बाजूने कौल दिला. पण पुढे कितीतरी दिवस लिहिताना तिला धास्ती वाटे, ही ओळ माझीच ना?

ऑनलाइन अभ्यासात आपण दहा पानं उघडतो, सगळे तुकडे एकाच फाइलीत टाकतो. आठवड्याने कुठलं वाक्य कुणाचं, आठवतं? म्हणून उतरवलेलं वाक्य लगेच अवतरणचिन्हांत टाका, शेजारी लेखकाचं नाव लिहा. मग स्क्रीन बंद करून आईला तोंडी सांगा. (आई, तुम्ही लिहून देऊ नका हं!) अडलात, तर पुन्हा वाचा. नाही अडलात, तर तेच लिहून काढा.