हॉटेल विकायचंय? आधी वही दाखवा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्याला धंदे हात बदलण्याचं नवल नाही. आवारपूरचा सिमेंट कारखाना 2004 मध्ये लार्सन अँड टुब्रोकडून आदित्य बिर्ला समूहाकडे गेला, गडचांदूरचा माणिकगड 2019 मध्ये अल्ट्राटेकचा झाला, उपरवाहीचा अंबुजा 2022 मध्ये अदानींकडे आला. यात सर्वांत रंजक प्रकरण नारंड्याच्या मुरली इंडस्ट्रीजचं. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून ती 2020 मध्ये दालमियांच्या हाती आली. पुढे आयकर खात्याने जुन्या वर्षाची फाइल उघडून नोटीस पाठवली, तेव्हा डिसेंबर 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती नोटीस रद्द केली. कारण दिवाळखोरीच्या मंजूर योजनेत न धरलेली जुनी देणी नव्या मालकाकडून वसूल होत नाहीत.

कारखान्याच्या फाटकाबाहेर हॉटेल चालवणाऱ्याला असं अभय नाही. जीएसटी कायद्याचं कलम 85 सांगतं की, धंदा विकला तर विक्रीच्या तारखेपर्यंतच्या थकीत करासाठी विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार. म्हणून शहाणा घेणारा भट्टी-टेबलांकडे नंतर बघतो, आधी विवरणपत्रं मागतो.

आणि वही. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. रोजचा गल्ला खिशात, त्यातूनच भाजी, मुलांची फी आणि लग्नाचा आहेर! मालक तोंडी जो आकडा सांगतो त्यावर कोण विश्वास ठेवणार? घेणारा मग स्वतःच हिशेब लावतो: महिन्याला 19 किलोचे सिलिंडर किती लागले, पीठ आणि तेल किती आलं. बिलं आणि गल्ला जुळले नाहीत, की भाव पडला. कंत्राटी कामगारांची पगारावर फिटणारी उधारी वेगळी दाखवावी लागते. ती विक्रीत धरायची की जुन्या मालकाने वसूल करायची, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

मेक्सिकन खाणं अमेरिकाभर नेणाऱ्या ग्लेन बेलने चालता धंदा किमान तीनदा विकला. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत त्याच्या दुकानासमोर मित्ला कॅफेत टॅको, म्हणजे मक्याच्या दुमडलेल्या पोळीत भरलेलं सारण, खायला रांग लागायची. ते बघून त्याने ‘टॅको टिया’ काढलं आणि पुढे त्यातला वाटा विकला. मग ‘एल टॅको’, तेही भागीदारांना दिलं. 1962 मध्ये डाउनीत टॅको बेल सुरू झालं आणि 1978 मध्ये 868 दुकानांसह ते पेप्सिकोने सुमारे साडेबारा कोटी डॉलरला घेतलं. टॅकोची कवचं आधीच तळून ठेवायची, भरायचं काम कोणत्याही पोराने करावं, अशी त्याची पद्धत होती. मालक गेला तरी चव जात नव्हती.

उलट गडचांदूरच्या हॉटेलात मसाला बहुधा आचाऱ्याच्या मुठीत असतो. तो सोबत राहणार का, हे घेणारा विचारतोच. मूठ तराजूवर घालून प्रमाण कागदावर उतरवायला एक दुपार पुरते, पण ही दुपार फार थोडे मालक काढतात.

जागा भाड्याची असेल तर घरमालकाला आधी विश्वासात घ्यावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूला आपला हक्क परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. अन्न परवाना नव्या मालकाने आपल्या नावावर काढायचा असतो. चालता धंदा आख्खा विकला तर त्या व्यवहारावर जीएसटी लागत नाही, पण करारात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि ताबा द्यायच्या दिवशी भिंतीवरचा क्यूआर कोड आठवणीने बदलावा, नाहीतर पहिल्याच दिवसाची कमाई जुन्या मालकाच्या खात्यात.