फोनच्या कुलपाला खरी किल्ली

दुपारची वेळ. आई कामावर गेलेली, फोन घरी मुलीजवळ. इतक्यात संदेश येतो : आपले खाते आज रात्री बंद होणार आहे, चालू ठेवायचे असेल तर या लिंकवर जा. मुलगी घाबरते, लिंक उघडते. समोर हुबेहूब गूगलसारखे पान. ती पासवर्ड टाकते, मागोमाग आलेला सहा आकडी ओटीपीही टाकते. पाच मिनिटांत खाते परक्याच्या हातात जाते.

वाचकहो, हा प्रसंग कोणाच्याही घरात घडू शकतो. आपल्या ई-मेलमध्ये काय काय असते ते आठवून पाहा. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखल्यांच्या प्रती, नोकरीच्या मुलाखतीचे पत्र, गेलेल्या माणसांचे फोटो. पैसा गेला तर पुन्हा कष्ट करून मिळवता येतो. पण पत्र वेळेवर वाचता आले नाही, म्हणून हुकलेली संधी परत येत नाही.

अशा वेळी घरात मुलीलाच बोल लावला जातो. "तुला एवढे शिकवले, तरी कळले नाही?" पण हा दोष शिक्षणाचा नाही. याचे एक उदाहरण पाहू.

शिकलेलेही फसले

अमेरिकेत क्लाउडफ्लेअर नावाची कंपनी आहे. लोकांच्या वेबसाइटांचे रक्षण करणे हाच तिचा धंदा. २० जुलै २०२२ रोजी एका मिनिटाच्या आत तिच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांच्या फोनवर खोटे संदेश आले. संगणकातच आयुष्य घालवणारी ही माणसे, तरी त्यांतल्या तिघांनी खोट्या पानावर पासवर्ड भरले. चोरांनी ते लगेच खऱ्या पानावर वापरून पाहिले. पण दार उघडले नाही. कारण कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला एक लहानशी सुरक्षा किल्ली दिलेली होती आणि ती चोरांजवळ नव्हती. त्याच सुमारास ट्विलिओ या दुसऱ्या कंपनीवर असाच हल्ला झाला. तेथे मात्र चोर आत शिरले आणि काही ग्राहकांची माहिती त्यांच्या हाती लागली.

गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या कर्मचाऱ्यांना अशी किल्ली सक्तीची केली. पुढे जुलै २०१८ मध्ये कंपनीने सांगितले, की ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकाचेही कामाचे खाते अशा फसवणुकीने गेलेले नाही.

किल्ली काम कशी करते?

बँकेत आपण नमुन्याची सही देतो. बँक ती जपून ठेवते आणि पुढची प्रत्येक सही तिच्याशी ताडून पाहते. पासकीचेही असेच आहे. खाते नोंदवताना किल्ली एक जोडी तयार करते. जोडीतला जाहीर भाग वेबसाइटकडे जातो, तो नमुन्याच्या सहीसारखा. गुप्त भाग किल्लीतच राहतो, बाहेर कधीच येत नाही. खाते उघडताना वेबसाइट दर वेळी नवे कोडे पाठवते आणि किल्ली त्यावर 'सही' करून देते. कागदावरची सही गिरवता येते, ही गिरवता येत नाही. जाहीर भाग चोराला मिळाला, तरी त्यावरून खोटी सही करणे त्याला शक्य नाही.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ही सही ज्या वेबसाइटसाठी नोंदवली, तिच्याच नावावर होते. नावात एका अक्षराचा फरक असला, तरी किल्ली गप्प बसते. आपल्या डोळ्यांना जो फरक दिसत नाही, तो किल्लीला कळतो. म्हणून घाबरलेल्या मुलीने लिंक उघडली, तरी तिच्याजवळ चोराला देण्यासारखे काही उरत नाही.

या पद्धतीचे नियम फिडो नावाच्या संघाने घडवले. तो २०१३ मध्ये जाहीरपणे पुढे आला. मार्च २०१९ मध्ये या पद्धतीला वेबचे अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली. साध्या गूगल खात्यांना पासकी मे २०२३ पासून मिळाली.

फोनला टेकवायची कशी?

मेट्रोच्या दारावर कार्ड टेकवतो, तीच ही एनएफसीची युक्ती. किल्लीत बॅटरी नसते. फोनच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला तेवढ्यापुरती वीज मिळते. म्हणून ती फोनच्या अगदी जवळ, दोन-चार सेंटिमीटरवर धरावी लागते.

आधी फोनच्या सेटिंगमध्ये 'एनएफसी' हा शब्द शोधा. स्वस्त फोनांपैकी पुष्कळांत ही सोय नसते. नसेल तर निराश होऊ नका, यूएसबी-सीची किल्ली चार्जिंगच्या भोकात बसते. विकत घेणार असाल, तर यूएसबी-सी आणि एनएफसी दोन्ही असलेलीच घ्या. जुनी, वापरलेली किल्ली घेऊ नका.

नोंदणीसाठी गूगल खात्याच्या 'सुरक्षा' विभागात जा आणि पासकी व सुरक्षा किल्ली यांची जागा उघडा. पासकी फोनमध्ये ठेवण्याऐवजी दुसरे उपकरण किंवा सुरक्षा किल्ली निवडा. किल्लीचा पिन ठरवायला सांगितले जाईल. तो निदान चार अक्षरांचा असावा, जन्मतारखेचा नसावा. मग किल्ली फोनच्या पाठीवर टेकवा. पुष्कळ फोनांत एनएफसीची जागा कॅमेऱ्याच्या आसपास असते. जाड किंवा धातूचे कव्हर काढा आणि फोन 'झाले' म्हणेपर्यंत हात हलवू नका.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे. पासवर्डनंतरची दुसरी पायरी म्हणून किल्ली टेकवणे अँड्रॉइडवर पूर्वीपासून चालते. पण पिन विचारणारी, किल्लीतच साठवलेली पासकी एनएफसीवर अनेक वर्षे अडत आली आहे. तीच किल्ली यूएसबीने लावली, की काम होते. म्हणून फोन आणि गूगल प्ले सेवा अद्ययावत ठेवा, नोंदणी यूएसबीने करा आणि नंतर टेकवून पाहा. नाहीच चालले, तर किल्ली खराब आहे असे समजून दुकानदाराशी भांडू नका. ती भोकात बसवा.

हरवली तर?

घराच्या किल्ल्या आपण दोन करतो, तशा याही दोन नोंदवा. एक जवळ ठेवा, दुसरी कपाटात. गूगल एकदाच वापरायचे दहा राखीव आकडेही देते. ते कागदावर लिहून दाखल्यांच्या फाइलीत ठेवा, फोनमध्ये नको. हरवलेली किल्ली कोणाला सापडली, तरी पिनशिवाय तिच्यातली पासकी उघडत नाही. ओळीने आठ वेळा पिन चुकला, की ती कायमची अडते. मग ती पुसून नव्याने सुरू करावी लागते आणि आतल्या सगळ्या पासकी जातात. हरवल्याचे कळताच खात्यात जाऊन तिची नोंद काढून टाका.

पुढचे दार बंद करून मागचे उघडे ठेवू नका. किल्ली लावली, पण एसएमएसवरच्या ओटीपीने खाते उघडण्याची वाट तशीच ठेवली, तर चोर त्या वाटेने येईल. किल्ल्या दोन झाल्यावर ती वाट बंद करता येते.

प्रत्येकाने घ्यावी का?

नाही. एका किल्लीला काही हजार रुपये पडतात आणि घ्याव्या लागतात दोन. तेवढ्यात मुलांची वर्षभराची पुस्तके येतील. सर्वसाधारण घराला फोनमधलीच पासकी पुरेशी आहे. ती फुकट मिळते, बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीनच्या पिनने उघडते आणि खोट्या पानाला तीही फसत नाही. मात्र जी व्यक्ती संस्थेचा किंवा बचत गटाचा हिशेब सांभाळते, जिच्या खात्यावर अनेकांची कागदपत्रे आहेत, तिच्यासाठी वेगळी किल्ली हा खर्च वाया जाणारा नाही. तो तिने एकटीने सोसू नये, संस्थेने उचलावा.

आणखी एक. ही किल्ली आपल्या यूपीआयचे रक्षण करीत नाही. तेथे पिन कोणाला न सांगणे हाच उपाय. कोणी फोनवर गोड बोलून स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला लावले, तर तेथेही किल्ली काही करू शकत नाही. पैसे गेलेच, तर रडत न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि फोनमध्ये पासकी सुरू करा. राखीव आकडे मुलीच्या हातूनच लिहून घ्या. आणि तिला सांगा, की चूक झाली तर लपवू नकोस, आधी आम्हाला सांग. घरचे रागावतील या भीतीने गप्प राहिलेल्या मुलाच्या खात्यात चोराला हवा तेवढा वेळ मिळतो.