सागरतीरावरील भाड्याचे घर : एक व्यापारी हिशेब

कोकणात समुद्राकाठी एखादे घर घ्यावे व सुट्टीसाठी येणाऱ्या कुटुंबांस ते रोजाच्या दराने भाड्याने द्यावे, असा विचार आपल्या सभासद बंधूंपैकी काहींच्या मनात घोळत असतो. दौलतगंजातील पेढीवर बसून समुद्र दिसत नाही, म्हणूनच कदाचित त्याची ओढ अधिक! परंतु ओढीने घेतलेले घर आणि हिशेबाने घेतलेले घर यांत फार अंतर असते.

कापडाचे ठाण आज विकले गेले नाही, तर ते उद्या विकता येते. भाड्याच्या घराची रिकामी गेलेली रात्र मात्र कायमची गेली. म्हणून या धंद्यात दरापेक्षा भरलेल्या रात्रींची संख्या मोलाची होय. केवळ समजुतीसाठी असे धरू की, अलिबागजवळील घर सामानसुमानासह ८० लाखांस पडले व दर रात्रीचे ८,००० रुपये मिळतात. पावसाळ्याचे चार महिने वगळून उरलेले शनिवार-रविवार म्हणजे सुमारे ७० रात्री. दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या मिळून आणखी ३० धराव्यात. १०० रात्रींचे ८ लाख आले. राखणदाराचा पगार, वीज, धुलाई, दुरुस्ती, विमा, कर आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचे कमिशन मिळून ५ लाख खर्च झाले, तर हाती ३ लाख, म्हणजे शेकडा पावणेचार. एवढ्यासाठी इतकी दगदग कोण करील? परंतु रात्री १५० झाल्या, तर उत्पन्न १२ लाख होते. राखणदार व विमा यांचा खर्च तोच राहतो, कमिशन व धुलाई तेवढी वाढते. खर्च ६ लाख धरला, तरी ६ लाख उरतात. रात्री दीडपट, नफा दुप्पट!

या वरच्या ५० रात्री येतात कोठून, हाच खरा प्रश्न. त्या मुख्यतः पावसाळ्यात व आठवड्याच्या मधल्या दिवसांत मिळवावयाच्या असतात, आणि त्यासाठी वाट सुगम हवी. गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. तथापि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो नौका मोटारीसकट सुमारे तासाभरात मांडव्यास पोहोचविते. पाण्याला खेटून असलेल्या परंतु अडवळणाच्या घरापेक्षा धक्क्यापासून जवळचे, थोडे आत असलेले घर मी पसंत करीन.

आत असण्यात आणखी एक हित आहे. किनारा नियमनाचे पहिले नियम १९९१ चे. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत, व दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ५० मीटरपर्यंत, नव्या बांधकामास मनाई आहे. किहीम येथील एक प्रशस्त बंगला नियमभंगाबद्दल मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला, हे अनेकांनी वाचले असेलच. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. तेव्हा सात-बारा, बिनशेती आदेश व बांधकामाचा परवाना स्थानिक वकिलास दाखविल्यावाचून बयाणा देऊ नये.

खारी हवा लोखंडास खाते, ओल लाकडास. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत कौले-पत्रे उडविले, नारळी-पोफळी आडव्या केल्या. दुरुस्तीची रक्कम दरवर्षी बाजूस काढावी व विम्यात वादळाचा उल्लेख आहे की नाही, हे पाहावे. आपण बाराशे किलोमीटरांवर असणार. त्यामुळे घराची खरी किल्ली राखणदाराच्या प्रामाणिकपणात आहे. त्याच्या पगारात काटकसर करू नये.

आता आपल्या समाजापुरता एक नाजूक मुद्दा. किनाऱ्यावर येणारे पुष्कळ पाहुणे ताज्या मासळीसाठीच येतात. आपल्या मालकीच्या चुलीवर ती शिजावी काय? ज्यांस हे रुचणार नाही, त्यांनी खरेदीपूर्वीच तसे ठरवावे, जाहिरातीत स्पष्ट लिहावे आणि हिशेबात रात्री कमी धराव्यात. मात्र मुंबईतील जैन, गुजराती व मारवाडी कुटुंबे समुद्राकाठी शुद्ध शाकाहारी स्वयंपाकघर शोधीत असतात. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांवाचून भाजी व गाळलेले पाणी यांची हमी मिळाली, तर ती पुन्हा पुन्हा येतील, असे मला वाटते. पण हीच कुटुंबे चातुर्मासात प्रवास टाळतात, आणि चातुर्मास नेमका पावसाळ्यात! असे घर चालविणाऱ्याने १५० रात्रींचा आकडा न धरता ११०-१२० वर हिशेब बसतो का, ते पाहावे. बसत नसेल, तर खरेदीची किंमत खाली आणावी. राखणदाराच्या कुटुंबाने स्वतःच्या घरी काय खावे, हा मात्र त्यांचा प्रश्न.