माजघरातला काळोख छापताना

पहाटे 5.30

पुण्यात रात्रभर पाऊस लागून राहिला होता. डोळे उघडले तेव्हा पहिला विचार कागदाचा आला. पुस्तकाचा कागद परवाच प्रेसवर पोचलाय आणि तो मशीनच्याच खोलीत ठेवा, अशी विनंती मी केली होती. जुलैतल्या दमट हवेत कागद पाणी ओढून घेतो, त्याच्या कडा उठतात आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नाही. छापण्याआधी कागदाला त्या खोलीच्या हवेची सवय व्हावी लागते.

चहा उकळेपर्यंत डमी चाळली. 96 पानं, हाताने शिवलेली, कुठल्या पानावर काय येणार ते ठरलेलं. आमचं राजापूर तालुक्यातलं घर या पानांत आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढची पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वैपाकघर, मागची पडवी, न्हाणी. वाशांना वाळवी लागली आहे. येत्या उन्हाळ्यात छप्पर उतरवायचं, असं सगळ्या भावंडांनी मिळून ठरवलंय. नवीन लाकूड परवडणारं नाही, म्हणून लोखंडी सांगाडा आणि वर पत्रा येणार. भिंती तशाच राहतील. पण छप्पर उंच होईल, पागोळ्या लांब पडतील आणि घरातला उजेड बदलेल. तो उजेड आज आहे तसा कागदावर उतरावा, यासाठी हे पुस्तक आहे.

सकाळी 8.00

प्रेसवर प्लेटा तयार आहेत. सगळे फोटो कृष्णधवल, पण छपाई दोन शायांत: एक काळी आणि एक कोमट छटेची करडी. एकट्या काळ्या शाईत काळोखाच्या पायऱ्या फार कमी मिळतात. दुसरी शाई मधल्या छटा भरून काढते. 16 पानांचा एक फर्मा, असे सहा फर्मे, प्रत्येकाच्या दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला दोन प्लेटा, म्हणजे एकूण 24 प्लेटा.

चिऱ्याचा लाल रंग मी सोडून दिला, याची हळहळ धाकट्या भावाला अजून आहे. मलाही तो रंग प्रिय आहे. पण रंगीत फोटोत नजर थेट त्या लालावर जाते आणि तिथेच थांबते. रंग काढला की उजेड कुठून येतो, कुठे अडतो, कुठवर पोचतो, हे दिसायला लागतं.

प्रती 500 काढतोय. घरच्यांना साठ-सत्तर पुरल्या असत्या. पण ऑफसेटवर प्लेटा, मशीन लावणं, रंग जुळवणं हा खर्च शंभराला तेवढाच आणि हजाराला तेवढाच. वाढतो तो फक्त कागद आणि बाइंडिंग. थोड्या प्रतींसाठी डिजिटल छपाई स्वस्त पडते आणि बहुतेकांनी तीच करावी, असं मी सांगेन. मला हवा तो काळा मात्र या खरखरीत नॅचरल शेड कागदावर डिजिटलमध्ये मिळाला नाही.

सकाळी 9.15

पहिला फर्मा पडवीचा. भरपूर उजेड, अंगणातलं तुळशीवृंदावन, गडग्याबाहेरची पाणंद. फार काही करावं लागलं नाही. दुसराही तसाच, ओटीचा. एका बाजूच्या सगळ्या शीट आधी काढायच्या, त्या सुकत असताना पुढचे फर्मे घ्यायचे आणि दुपारनंतर पाठ छापायची, असा आजचा बेत आहे.

सकाळी 10.40

तिसरा फर्मा माजघराचा. ज्या दोन पानांसाठी मी इथे उभी आहे, ती यात आहेत.

कोकणातल्या घराचं छप्पर पावसासाठी खाली ओढलेलं असतं. आमच्या माजघराला एकही खिडकी नाही. पुढून ओटीच्या दारातून जो काही उजेड येतो तो, आणि मागून स्वैपाकघराच्या छपरात बसवलेल्या काचेच्या एका कौलातून उतरणारा पट्टा. हा पट्टा सकाळी भिंतीवर असतो, अकराच्या सुमाराला जमिनीवर येतो आणि उंबरा ओलांडून हातभर माजघरात शिरतो. फोटोत काकू त्या पट्ट्याच्या कडेला विळीवर फणसाचे गरे काढत बसली आहे. तिचे हात उजेडात, चेहरा अर्धा काळोखात. मागे खुंटीला इरलं, कोपऱ्यात भाताची कणगी. ही कणगी सहज दिसता कामा नये. बाहेरून आत आलेल्या माणसाला ती आधी दिसतच नाही. डोळे सरावले की हळूहळू आकार घेते. पानावरही तेच व्हायला हवं.

हा फोटो मी मुद्दाम फर्म्याच्या बरोबर मधल्या दोन पानांवर घेतला आहे. ही दोन पानं शीटवर एकमेकांना लागून छापली जातात, त्यामुळे फोटो मधे तुटत नाही आणि दोन्ही अर्ध्यांचा काळा एकसारखा येतो.

पहिली शीट आली. मशीनमन काकांनी ती दिव्याखाली ठेवली आणि क्षणभर पाहून म्हणाले, "ताई, हा फार अंगावर येतोय. जरा उजळवू का?"

"नको काका, ती खोली तशीच आहे."

"खोली असेल हो. पण छापून आल्यावर लोक म्हणतील, प्रेसनं बिघडवलं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. काळोख होताच, पण कणगी त्यात पार बुडाली होती. असा अनकोटेड कागद शाई पिऊन घेतो आणि शाईचं टिंब पसरतं. प्लेटेवर 50 टक्क्यांचं असलेलं टिंब कागदावर 70 च्या आसपास जातं. हे धरूनच फाइलमध्ये फोटो उजळून ठेवले होते, तरी आजच्या दमट हवेत ते थोडं कमी पडत होतं. काकांनी भिंग लावलं, मला दाखवलं. कोपऱ्यातली टिंबं एकमेकांना चिकटून सलग काळा पट्टा झाला होता.

त्यांनी सगळीकडची काळी शाई कमी केली. पुढच्या शीटवर कणगी दिसू लागली, पण खोली दुपारी चारच्या ओटीसारखी दिसायला लागली. फणसाचे गरे आणि भिंत एकाच उजेडात. मी मान हलवली. मग काका बराच वेळ काही बोलले नाहीत. काळी शाई त्यांनी फक्त त्या कोपऱ्याच्या पट्टीत थोडी खाली घेतली, करडी मात्र किंचित चढवली आणि वीस-पंचवीस शीट वाया जाऊ दिल्या. मशीनवर शाईचं प्रमाण बदललं की परिणाम लगेच दिसत नाही, स्थिर व्हायला तेवढ्या शीट जाव्या लागतात.

आलेली शीट मी हातभर लांब धरली. काळोख. मग कणगीची गोलाई आणि त्यावरचं शेणाचं लिंपण. काकांनी शेजारी उभं राहून पाहिलं. "आमच्या आजीच्या घरी अशीच होती," ते म्हणाले, "तिला अंधारात हात घालून कळायचं, भात किती उरलाय ते." शीटवर मी सही केली, वेळ घातली. बाकीच्या सगळ्या शीट आता या शीटशी ताडून निघतील.

दुपारी 1.30

डबा खाताना डोंबिवलीहून आत्याचा फोन. "माझी न्हाणी घेतलीस ना गं?"

घेतली आहे, दोन पानं. हे फोटो निवडताना एक गोष्ट पक्की कळली. घरातल्या पुरुषांना विचारलं की ते ओटी, झोपाळा, देवघर सांगतात. बायका न्हाणी, विहीर, मागची पडवी सांगतात; तिथे त्यांना दोन घटका कोणी हाक मारत नसे. जुन्या घरांवरची देखणी पुस्तकं बहुधा पुढच्या दारानेच आत जातात. आमच्या पुस्तकात मागच्या दाराला जास्त पानं आहेत आणि ती मी भांडून ठेवली आहेत.

फोटोंखालच्या ओळी आत्याच्याच. एकेक फोटो तिला पाठवला, ती फोनवर जे बोलली ते तिच्याच शब्दांत घेतलं. अक्षर 'मुक्त' फॉन्टमधलं, मुंबईच्या 'एक टाइप' या टाइप-फाउंड्रीने घडवलेलं. त्याचा परवाना खुला असल्यामुळे स्वतः पुस्तक काढणाऱ्याला ते वापरायला पैसे पडत नाहीत. आकार तिच्या डोळ्यांना झेपेल एवढा मोठा ठेवलाय.

अशा कामाला धीर देणारी एक वाट आधीच पडलेली आहे. सूनी तारापोरवाला यांनी पारशी समाजावरचं आपलं छायाचित्रांचं पुस्तक 2000 साली स्वतःच प्रकाशित केलं. त्या कामाची सुरुवात त्यांच्या घरच्या माणसांपासून झाली होती. आपलं घर इतक्या नीट बघता येतं, हे मला त्या पुस्तकातून कळलं.

दुपारी 3.00

पाठ छापायला सुरुवात. इथे कान मशीनकडे आणि डोळे शीटच्या मागच्या बाजूकडे. कागद 140 जीएसएमचा आहे, तरी गडद फोटो पाठीमागच्या कोऱ्या जागेतून सावलीसारखा उमटू शकतो. म्हणून पानं लावतानाच गडद फोटोच्या पाठीला दुसरा फोटो येईल असं बघितलं होतं.

संध्याकाळी 6.15

शेवटच्या फर्म्याची पाठ. यात श्रेयाचं पान आहे. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळाला. त्याला शुल्क नाही आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. पुस्तक प्रकाशित करणाऱ्यावर एक कर्तव्यही येतं. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून 30 दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयात, मुंबईच्या सेंट्रल लायब्ररीत आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीत पोचवायची. आमच्या काकूचं माजघर चार शहरांत जपलं जाणार, याचा मला मनापासून आनंद आहे.

याच पानावर घराच्या सगळ्या वारसांची नावं आहेत. घर एकट्या माझं नाही, म्हणून प्रत्येकाला डमी दाखवली होती. एका चुलतभावाने त्याच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणातल्या खाटेचा फोटो नको म्हटलं. फोटो चांगला होता. काढला.

रात्री 8.00

शीटचे गठ्ठे सुकायला ठेवले. उद्या घडी, मग शिलाई. प्रत्येक फर्मा दोऱ्याने शिवून घेणार आहे, नुसत्या डिंकावर नाही. तेव्हाच पुस्तक मधोमध सपाट उघडतं आणि माजघर अख्खं दिसतं. बाइंडरने कागदाचा धागा कण्याच्या दिशेने आहे ना, हे फोनवर दोनदा विचारून घेतलं. चांगला बाइंडर हे विचारतोच.

गणपतीला सगळे गावी जमतील, त्याआधी प्रती घरी पोचायला हव्यात. चुलतभाऊ चतुर्थीच्या आठवडाभर आधी गाडी घेऊन निघतोय. डिकीत चार खोकी बसतील म्हणाला. त्याला सांगितलं, मखराचं सामान टपावर बांध, खोकी आत ठेव आणि वर प्लॅस्टिक टाक, घाटात पाऊस असेल.