शेपटीवरून शब्द ओळखा!

मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना पहिल्या वर्षी विषयापेक्षा शब्दांचीच जास्त धास्ती वाटते. रेझिस्टर, रेझिस्टन्स, रेझिस्टिव्हिटी असं एका दमात कानावर पडलं, की तिन्ही एकच वाटायला लागतात. मग सुरू होते घोकंपट्टी! मला विचाराल तर घोकण्याऐवजी शब्दाची शेपटी, म्हणजे प्रत्यय, धरावा.

प्रत्यय आपल्याला काही नवे नाहीत. पेशवाईतलं पुणं आठवा. फडणवीस, चिटणीस, पोतनीस... यांतला 'नवीस' किंवा 'नीस' फारसी, अर्थ लिहिणारा. किल्लेदार, फौजदार यांतला 'दार'ही फारसीच, म्हणजे बाळगणारा.

'करणारा' सांगणारा असाच एक प्रत्यय लॅटिनमधून इंग्रजीत आला, तो 'टर'. संस्कृतातल्या दाता, नेता या शब्दांमधल्या 'तृ' प्रत्ययाशी त्याचं थेट नातं आहे. मशीन्सच्या लॅबमधला स्टेटर घ्या. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'उभा राहणारा', आणि संस्कृतात 'स्थाता'! मोटरमध्ये जागेवर राहतो तो स्टेटर, फिरतो तो रोटर. झालं ना पाठ?

आता मूळ तिढा सोडवू. रेझिस्टर ही वस्तू. 'अन्स' लागला की त्या विशिष्ट वस्तूचा गुण, आणि 'इव्हिटी' लागला की ती ज्या पदार्थाची बनली त्याचा गुण. तांब्याची तार तेवढ्याच जाडीची पण दुप्पट लांब घेतली, तर रेझिस्टन्स दुप्पट होतो. रेझिस्टिव्हिटी मात्र तीच राहते, कारण तांबं तेच आहे! कंडक्टर, कंडक्टन्स, कंडक्टिव्हिटी हे त्रिकूटही याच चालीचं. ही शिस्त लावण्यात ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १८८० च्या दशकात त्याने कंडक्टन्स, इंडक्टन्स, इम्पीडन्स असे शब्द घडवले.

गंमत म्हणजे शाळेत आपण 'रोध' आणि 'रोधकता' शिकलो, त्यांच्यात हाच फरक आहे. म्हणजे संकल्पना आपल्याकडे आधीपासून होती, फक्त तिचा वेश बदलला.

अर्थात ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. 'कनेक्टिव्हिटी'चा कुठल्या पदार्थाशी संबंध नाही. पण नवा शब्द दिसला की आधी शेपटी बघायची सवय लावा. मराठी माध्यम ही अडचण नाही मित्रांनो, उलट दोन भाषांतून तपासून बघायची सोय आहे!